रस्त्याचे मोल आणि सिटी बसची वाट : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शहरातील वाहनकोंडीविषयी लिहिताना, गर्दीच्या वेळी गर्दीच्या भागात खासगी वाहन आणणाऱ्यांकडून शुल्क घ्यावे आणि त्यांना सार्वजनिक वाहतुकीकडे वळवावे, या जगभर चर्चिल्या जाणाऱ्या कल्पनेचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर सोलापूरच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. काही रागाची होती, काही खरोखर अडचणीतून लिहिलेली होती. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : गाडी घेताना आम्ही रस्ता कर भरतो, पेट्रोलवर कर भरतो, महामार्गावर टोल भरतो. आता स्वतःच्याच गावाच्या बाजारपेठेत शिरायलाही पैसे मोजायचे का? आणि पैसे मोजावे लागले म्हणून माणसे खरोखर बसमध्ये बसतात, याला आधार काय?
— एक बँक कर्मचारी, जुळे सोलापूर

आपण म्हणता ते सर्व कर आपण भरता, यात शंका नाही. पण हे कर पहाटे पाच वाजता रिकाम्या रस्त्याने जाणाऱ्याला आणि सायंकाळी सहा वाजता नवी पेठेत शिरणाऱ्याला सारखेच पडतात. पहाटेच्या गाडीमुळे कोणाचाही खोळंबा होत नाही. सायंकाळी मात्र रस्ता आधीच भरलेला असताना आत शिरलेली प्रत्येक गाडी आपल्या मागच्या सर्वांना थोडा थोडा उशीर करते, आणि त्या उशिराचा भार गाडीवाल्याच्या खिशावर कधीच पडत नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी हे गणित 1950च्या दशकापासून मांडले, आधी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या भाड्यासाठी आणि पुढे रस्त्यांसाठी. 1996 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल जाहीर झाले आणि त्यानंतर अवघ्या तीन दिवसांत त्यांचे निधन झाले. गर्दीचे शुल्क म्हणजे रस्ता बांधल्याचा खर्च वसूल करणारा टोल नव्हे. रस्त्यावरील जागा अपुरी असेल त्याच वेळी ते घ्यायचे आणि गर्दी ओसरली की थांबवायचे, असे त्याचे स्वरूप आहे.

आधाराविषयी आपण विचारले ते योग्यच केले. सिंगापूरने 1975 च्या जूनमध्ये शहराच्या मध्यभागात सकाळच्या वेळी येणाऱ्या मोटारींना दिवसाला 3 सिंगापूर डॉलरचा कागदी परवाना सक्तीचा केला. चार किंवा अधिक माणसे बसलेली मोटार, बस आणि मालवाहू वाहने यांना सुरुवातीला सूट होती. त्या वेळेत आत येणाऱ्या मोटारी निम्म्याहून खाली आल्या. लंडनने 17 फेब्रुवारी 2003 पासून 5 पौंडांचे शुल्क सुरू केले आणि त्याच सुमारास बसगाड्याही वाढवल्या. पहिल्या काळात आत येणारी वाहतूक सुमारे 18 टक्क्यांनी घटली.

तरीही मला सर्वांत बोलके वाटते ते स्टॉकहोमचे उदाहरण. तेथे 2005 च्या ऑगस्टपासून, म्हणजे शुल्काच्या काही महिने आधीच, नव्या बससेवा सुरू करण्यात आल्या. बस आल्या, पण केवळ त्यामुळे मोटारींच्या संख्येत लक्षात येण्याजोगी घट झाली नाही. 3 जानेवारी 2006 रोजी शुल्क सुरू झाले आणि शुल्काच्या क्षेत्राच्या सीमेवरील वाहतूक सुमारे 20 टक्क्यांनी उतरली. 31 जुलैला प्रयोग संपला, तशी ती पुन्हा वर चढली. सप्टेंबरमध्ये शहरात जनमत घेण्यात आले, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला. याच लोकांचे मत प्रयोगाआधी बहुतांशी विरोधात होते. पुढे 1 ऑगस्ट 2007 पासून शुल्क कायम झाले. हा क्रम मी मुद्दाम सविस्तर दिला, कारण ‘आधी चांगली बस द्या, माणसे आपोआप वळतील’ असे आपण सगळेच म्हणतो आणि ते अर्धेच खरे आहे. बस नसेल तर शुल्क हा अन्याय ठरतो. पण बस आहे आणि गाडी दारात फुकट उभी करता येते, तर माणूस गाडीच काढतो.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे लिहिली पाहिजे. स्टॉकहोममध्ये रस्त्यावरून कमी झालेल्या सगळ्याच फेऱ्या बसमध्ये किंवा रेल्वेत गेल्या नाहीत. कामाला जाणाऱ्यांपैकी बरेच जण सार्वजनिक वाहतुकीकडे वळले, पण इतर अनेकांनी वेळ बदलली, दोन कामे एका फेरीत उरकली किंवा फेरीच टाळली. त्यामुळे शुल्क लावले की बस आपोआप भरतात, असे कोणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

प्रश्न : नवी पेठेत आमचे कापडाचे दुकान आहे. अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडचे गिऱ्हाईक लग्नसराईत आमच्याकडे येते. आत यायला पैसे लावले तर ते बाहेरच्या रस्त्यावरील मोठ्या दुकानांत जाईल. आमच्या पोटावर पाय देऊन शहर मोकळे करायचे का?
— एक व्यापारी, नवी पेठ

आपली भीती मी हलकी मानत नाही. सोलापुरात आज प्रवेशशुल्क लावावे, असे माझेही मत नाही. त्याची कारणे सांगतो आणि त्याऐवजी काय करावे, हेही सांगतो.

स्टॉकहोम बेटांवर वसलेले आहे. पूल मोजके असल्यामुळे तेथे अवघ्या 18 ठिकाणी यंत्रे बसवून सारा मध्यभाग वेढता आला. सोलापूरच्या जुन्या पेठांना अशी सीमा नाही. मंगळवार पेठ, भवानी पेठ, साखर पेठ, चाटी गल्ली या भागांत एक वाट अडवली तर चार बोळ मोकळे असतात. मुख्य चौकांत कॅमेरे लावले तर दुचाकी आणि रिक्षा वस्तीच्या बोळांतून धावू लागतील, आणि कोंडी मुले खेळतात तेथे जाईल. दुसरे कारण दुचाकीचे. लंडन आणि स्टॉकहोम दोन्हीकडे मोटारसायकलींना शुल्क नाही. आपल्याकडे दुचाकींना सूट दिली तर शहरातील बहुतेक वाहने शुल्काबाहेरच राहतील. त्यांच्याकडून शुल्क घेतले तर एमआयडीसीतील यंत्रमागावर पाळी करून घरी परतणाऱ्या कामगाराकडून ते घ्यावे लागेल.

म्हणून माझे म्हणणे असे की, मोल लावायचेच तर आधी धावत्या गाडीला लावू नये, उभ्या गाडीला लावावे.

आपल्याच दुकानासमोरचा रस्ता सायंकाळी पाहावा. कडेला दुचाकींची एक ओळ, तिच्या पुढे दुसरी ओळ, त्यापुढे ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून उभी केलेली मोटार, आणि उरलेल्या जागेतून हमालाची हातगाडी, रिक्षा आणि पायी चालणाऱ्या बाया-मुले. यातील पहिल्या ओळीत गिऱ्हाइकाच्या गाड्या किती आणि सकाळी दुकान उघडताना लावून रात्री कुलूप घालताना काढल्या जाणाऱ्या गाड्या किती, हे आपण एका दिवसापुरते मोजून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बहुतेक बाजारपेठांत मोक्याची जागा दुकानदार आणि नोकरवर्ग यांच्याच गाड्या दिवसभर अडवतात. बार्शीहून आलेले कुटुंब मात्र जागा शोधत तीन फेऱ्या मारते आणि कंटाळून खरोखरच बाहेरच्या मोठ्या दुकानाकडे वळते. गिऱ्हाईक शुल्काने जाते त्याहून अधिक जागा न मिळाल्याने जाते.

कॅलिफोर्नियातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला. रस्त्याच्या प्रत्येक पट्ट्यात एखाद-दोन जागा नेहमी रिकाम्या राहतील, एवढाच दर असावा, त्याहून जास्त नको आणि कमीही नको, असे ते सांगत. जमलेला पैसा त्याच भागात दिसेल असा खर्च करावा, हे त्यांचे दुसरे सूत्र होते. सोलापुरात याचा अर्थ असा होईल : दुचाकीला मोटारीच्या मानाने अगदी थोडे शुल्क, कारण ती जागाच थोडी व्यापते. पहिला अर्धा तास स्वस्त आणि पुढे चढता दर, म्हणजे खरेदी करणाऱ्याला झळ नाही आणि दिवसभर गाडी लावणाऱ्याला ती नक्की बसेल. माल उतरवण्यासाठी सकाळची ठरावीक वेळ. आणि ज्यांची गाडी दिवसभर लागते त्यांच्यासाठी जरा दूर, पण सुरक्षित अशी वाहनतळाची सोय.

व्यापारी संघटनांनी या योजनेला विरोध करण्याऐवजी एक अट घालावी, असे मला मनापासून वाटते. जमा झालेला प्रत्येक रुपया स्वतंत्र खात्यात जावा आणि तो सिटी बस व पदपथ यांवरच खर्च व्हावा. लंडनमध्ये शुल्काची निव्वळ रक्कम वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन कायद्यानेच घातले होते. असे बंधन नसेल तर पैसा महापालिकेच्या सर्वसाधारण जमेत मिसळतो आणि वर्षभरात त्याचा मागमूस राहत नाही.

प्रश्न : आम्ही कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. आई विड्या वळते. कारखान्यात पाने-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला तिला जावे लागते, मला कॉलेजला. बसची वाट पाहून शेवटी सीटच्या रिक्षातच बसावे लागते, तेही कोंबून. आपल्या शुल्काने रिक्षाचे भाडे वाढणार असेल तर आम्ही काय करायचे?
— एक विद्यार्थिनी, गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत

आपल्या पत्राने या साऱ्या चर्चेला खरा आधार दिला. कोणतेही शुल्क आले तरी सीटवर माणसे नेणाऱ्या रिक्षाला ते लागू नये, हे पहिल्यांदा सांगतो. चार-पाच माणसे नेणारी रिक्षा एका माणसाच्या मोटारीपेक्षा रस्त्याची जागा कितीतरी चांगली वापरते.

कुंभारीत 2006 साली दहा हजार विडी कामगार महिलांची घरे उभी राहिली. त्याच परिसरात रे नगर येथे तीस हजार घरांचा प्रकल्प झाला आणि त्यातील पहिल्या पंधरा हजार घरांचे 19 जानेवारी 2024 रोजी लोकार्पण झाले. एवढी माणसे शहराच्या हद्दीबाहेर राहायला गेली, पण त्यांचे काम, कॉलेज, दवाखाना आणि बाजार शहरातच राहिला. घर स्वस्तात मिळाले तरी रोजच्या प्रवासाचा खर्च आयुष्यभर पाठीशी लागला. अशा वसाहतीला बस ही घराइतकीच मूळ गरज आहे, आणि घरांच्या नकाशाबरोबरच बसचे वेळापत्रक मंजूर व्हायला हवे होते, असे मला तीव्रतेने वाटते.

सोलापूर महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची, म्हणजे आपल्या एसएमटीची, गेल्या काही वर्षांतील घसरण सर्वांसमोर आहे. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर-नूतनीकरण योजनेतून नव्या बस आल्या, पण त्यांपैकी अनेक गाड्या चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, तडे गेल्याच्या वादात अडकून डेपोतच उभ्या राहिल्या. बस कमी झाल्या की दोन बसमधील वेळ वाढतो, वेळ वाढला की प्रवासी रिक्षाकडे किंवा हप्त्याच्या दुचाकीकडे जातो, प्रवासी गेला की तोटा वाढतो, आणि तोट्याचे कारण दाखवून आणखी फेऱ्या बंद होतात.

कोंडीचा बसवर कसा परिणाम होतो, ते एका साध्या हिशेबाने सांगतो. एखाद्या मार्गावर जाऊन-येऊन एक तास लागतो आणि त्या मार्गावर सहा बस आहेत, असे समजू. थांब्यावर दर दहा मिनिटांनी बस येईल. कोंडीमुळे तीच फेरी दीड तासाची झाली, तर त्याच सहा बस, तेच चालक-वाहक, तेच पगार असूनही थांब्यावर पंधरा मिनिटांनी बस येईल. दहा मिनिटांची बस पुन्हा द्यायची तर नऊ बस लागतील. म्हणजे नवी पेठेजवळ आडवी लावलेली मोटार आपल्यासारख्या कुंभारीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या मुलीची वाट लांबवते, आणि त्याचा भुर्दंड परिवहन उपक्रमाला तीन जादा बसच्या रूपाने पडतो. गर्दीवर शुल्क लावून रस्ता मोकळा करण्याचा सर्वांत मोठा लाभ मोटारवाल्याला मिळत नाही. तो बसमधल्या माणसाला मिळतो.

पीएम ई-बस सेवा योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 च्या ऑगस्टमध्ये मंजुरी दिली. देशभरात दहा हजार विद्युत बस देण्याची ही योजना असून सोलापूरचाही तिच्या यादीत समावेश झाला. या योजनेत बस चालवणाऱ्या कंपनीला धावलेल्या किलोमीटरनुसार पैसे द्यावे लागतात. बस भरली काय आणि रिकामी गेली काय, किलोमीटरचा दर द्यावाच लागतो. केंद्राचे साहाय्य ठरावीक वर्षांपुरतेच आहे. तेव्हा दरवर्षी खात्रीने येणारे उत्पन्न लागेल आणि वाहनतळाचे शुल्क हे तसे उत्पन्न होऊ शकते. बसच्या नावाने शुल्क घेणार असाल तर पहिली वाढीव फेरी कुंभारीला द्या, अशी मागणी आपल्या वसाहतीने आतापासूनच करावी. सकाळी कारखाने उघडण्याच्या आणि कॉलेज भरण्याच्या वेळा लिहून, कोणत्या थांब्यावर किती माणसे उभी असतात याची आठवडाभराची नोंद जोडून ती परिवहन समितीकडे दिली, तर नुसत्या निवेदनापेक्षा तिचे वजन निश्चितच अधिक पडेल.

प्रश्न : उड्डाणपूल झाले की कोंडी सुटेल. मग हे शुल्काचे खूळ कशाला?
— निवृत्त अभियंता, विजापूर रोड

जड वाहनांना शहराबाहेरून नेणारा रस्ता आवश्यकच आहे, कारण पुण्याहून हैदराबादला निघालेल्या ट्रकला नवी पेठेत काहीच काम नसते. पण शहरात येणाऱ्या वाहनांसाठी पूल बांधला, तर तो त्यांना पुढच्या चौकात अधिक लवकर आणून सोडतो. उभी राहण्याची जागा तेवढीच राहते. शिवाय रस्ता मोकळा दिसला की आतापर्यंत कोंडीला भिऊन घरी राहिलेली गाडीही बाहेर पडते, हा जगभरचा अनुभव आहे.

प्रश्न : महापालिकेला असे शुल्क लावण्याचा अधिकार आहे का? फास्टॅग असताना यंत्रणा उभारणे सोपे नाही का? आणि आपण कोठे गेलो, याची नोंद सरकारकडे जमा होणार नाही का?
— विधी शाखेचा विद्यार्थी

वाहनांवरील कर आणि पथकर हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीमध्ये आहेत. त्यामुळे प्रवेशशुल्कासाठी राज्याचा स्पष्ट कायदा लागेल, एकट्या महापालिकेच्या ठरावाने ते होणार नाही. दिल्लीत 2015 पासून शहरात येणाऱ्या मालवाहू वाहनांकडून पर्यावरण भरपाई शुल्क घेतले जाते, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. जनमताचा विचार केला तर महाराष्ट्रातील वारे उलटे आहे. कोल्हापुरात शहरांतर्गत रस्त्यांचा टोल दीर्घ आंदोलनानंतर रद्द करावा लागला, आणि मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल 2024 च्या ऑक्टोबरमध्ये माफ झाला. कोल्हापूरच्या लोकांचा राग मला समजतो. तेथे टोल होता, पण टोल नको असलेल्याने कशाने जावे, याचे उत्तर त्यात नव्हते.

फास्टॅग चारचाकीला असतो, दुचाकीला नसतो. त्यामुळे आपल्यासारख्या दुचाकींच्या शहरात त्याचा उपयोग मर्यादित आहे. नोंदींविषयीची आपली शंका जुनी आणि रास्त आहे. हाँगकाँगने 1983 ते 1985 या काळात वाहनांवर विद्युत उपकरणे बसवून चाचणी घेतली. ती तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाली, तरी आपल्या हालचालींवर पाळत राहील या लोकांच्या भीतीमुळे योजना सोडून द्यावी लागली. वाहनतळाच्या शुल्कात ही अडचण फारशी येत नाही. तेथे पावती जागेची आणि वेळेची असते.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी होम मैदानाभोवती गाड्यांची इतकी दाटी होते की पायी चालणे मुश्कील. आपण सांगता तो प्रयोग यात्रेत करून पाहता येईल का?
— यात्रेला नियमित जाणारे एक कुटुंब, बाळीवेस

ही सूचना मला फार मोलाची वाटली. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजेच गड्ड्याच्या, दिवसांत शहरातील माणूसही बदल सोसायला तयार असतो, कारण नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद होणे त्याच्या सवयीचे आहे. विजापूर रोड, अक्कलकोट रोड, हैदराबाद रोड आणि पुणे रोड या चार बाजूंना शहराच्या कडेला तात्पुरते वाहनतळ करावेत. तेथे गाडी लावणे विनामूल्य असावे आणि त्याच जागेवरून होम मैदानाच्या जवळपर्यंत सतत बस सुटाव्यात. मैदानाभोवती गाडी लावणाऱ्याकडून मात्र तासावर चढते शुल्क घ्यावे, आणि अपंग, वृद्ध व रुग्णांच्या वाहनांना त्यातून वगळावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

मात्र यात्रेच्या काही दिवसांत माणसाची रोजची सवय बदलत नाही. स्टॉकहोमने सात महिने प्रयोग केला, तेव्हा कोठे मत पालटले. यात्रेतून शिकायचे ते एवढेच की, बस किती मिनिटांनी सुटली तर लोक थांबतात, कोणत्या बाजूच्या वाहनतळावर जागा कमी पडते आणि शुल्क किती ठेवले की मैदानाजवळ जागा मोकळी राहते. त्यासाठी यात्रेच्या आधीच्या आठवड्यात, यात्रेत आणि नंतर अशी तीन वेळा, त्याच चौकांत आणि त्याच वेळांना वाहने व बसमधील प्रवासी मोजावे लागतील. शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतील. आपल्यासारख्या कुटुंबांनी यात्रेला कोणत्या वाटेने आणि किती वेळात पोहोचलो हे लिहून पाठवले, तर ते आकडे या सदरात अवश्य छापू.